हृदयाचा स्नायू इंधनाअभावी थांबत नाही

हृदयविकाराचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे थेट नळावर येते. ‘तीन नळ्या चोंदल्यात’, ‘ब्लॉकेज नव्वद टक्के आहे’, ‘स्टेंट टाकला, आता रस्ता मोकळा झाला’. इकोचा कागद हाती आला की घरातले सगळे एकच आकडा शोधतात, ‘पंपिंग’ किती टक्के. त्याच कागदावर डाव्या जवनिकेची पुढची भिंत हलत नसल्याची नोंद असेल, तर फोनवरून दुसऱ्या नातेवाइकापर्यंत पोहोचेतो तिचे ‘हृदयाचा तेवढा भाग मेला’ असे होऊन जाते.

या बोलण्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यामागे एक नीट बांधलेला पूर्वपक्ष आहे. तो वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही बराच काळ नांदला, आणि रुग्णाला समजावताना कित्येक डॉक्टर अजून तोच वापरतात. तेव्हा आधी तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू.

हृदय बसल्या जागी शरीरातल्या एकूण रक्तप्रवाहापैकी सुमारे ५ टक्के रक्त स्वतःसाठी घेते, मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर. त्या रक्तातला ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन ते विश्रांतीतच काढून घेते. हातापायांच्या स्नायूंना गरज पडली तर त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढता येतो. हृदयाला ती सवड जवळजवळ नाही. गरज वाढली की रक्तच वाढले पाहिजे. पेशीतली सगळी कामे ज्या रेणूच्या खर्चावर चालतात, त्या एटीपीचा साठाही इथे इतका तुटपुंजा की नवा तयार होणे बंद पडले आणि खर्च तसाच राहिला, तर तो काही सेकंदांत आटोपावा. म्हणून रक्त थांबले की ऑक्सिजन थांबतो, एटीपी संपतो, आकुंचन थांबते. फार वेळ गेला तर स्नायू मरतो. वेळेत नळी उघडली तर पुन्हा चालू होतो. कॅल्शियमचे नाव या साखळीत आलेच तर शेवटी येते, मरू घातलेल्या पेशीत शिरून तिचा निकाल लावणारा मारेकरी म्हणून.

साखळी दिसायला निर्दोष आहे. तिच्या बहुतेक कड्या सुट्या सुट्या घेतल्या तर खऱ्याही आहेत. चुकली आहे ती त्यांची गुंफण. रक्त आटल्यावर हृदयाचा स्नायू थांबतो तो इंधन संपण्याच्या कितीतरी आधी. थांबताना त्याच्याजवळ एटीपीही असतो आणि कॅल्शियमही. कॅल्शियमचा हुकूम पाळायचे तेवढे तो सोडतो. कॅल्शियम घातक ठरते ते पुढे, आणि विशेषेकरून रक्त परत येण्याच्या घटकेला. हा कालक्रम लावून घेतला नाही म्हणजे न हलणारी भिंत मेलेली वाटते, आणि नळी उघडली की काम संपले असेही वाटते.

कॅल्शियमचा हुकूम हे शब्द मी अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणावर धडधडते ठेवून प्रयोग करत होते. द्रावण शुद्ध पाण्यातले आहे असे धरून त्यांनी पहिले निष्कर्ष छापूनही टाकले. मग कळले की ते ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलेच नव्हते. ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदयाचे आकुंचन थोड्याच वेळात मंदावून बंद पडले. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आपले काम गुपचूप करत होता. (नळाच्या सिद्धांताचे खंडन करायला बसावे आणि पहिला साक्षीदार नळाच्या पाण्यातून निघावा, हा योग सोडवत नाही.)

आज ही हकिगत रेणूंच्या पातळीवर माहीत आहे. स्नायुपेशीच्या बाहेर कॅल्शियम मिलिमोलरच्या घरात असते. आत, विश्रांतीच्या क्षणी, त्याच्या दहा हजारांश, म्हणजे १०० नॅनोमोलरच्या आसपास. प्रत्येक ठोक्याला विजेची लहर पेशीवरून जाते, बाहेरचे थोडे कॅल्शियम आत येते आणि त्याच्या चाहुलीने पेशीतल्या जाळीदार कोठीची दारे उघडून पुष्कळ जास्त कॅल्शियम सुटते. ते ट्रोपोनिनला चिकटते. ट्रोपोनिन हे तीन प्रथिनांचे त्रिकूट आहे. कॅल्शियम धरतो त्यातला एक. हार्ट अटॅकच्या संशयावरून जी ‘ट्रॉप’ तपासणी करतात, तिच्यात रक्तात शोधतात ते उरलेल्या दोघांपैकी एकाला. कॅल्शियम चिकटले की ॲक्टिनच्या तंतूवरचा अडसर सरकतो आणि मायोसिनची डोकी त्या तंतूला पकडून ओढतात. हे आकुंचन. मग सर्का नावाचा पंप एटीपी खर्चून कॅल्शियम परत कोठीत भरतो आणि स्नायू सैल पडतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, कारण पुढचा सारा वाद त्यांवर उभा आहे. सैल पडायलाही एटीपी लागतो, तो पंपासाठी. आणि मायोसिनच्या डोक्याने ॲक्टिनची पकड सोडायची तरी तिथेही एटीपीच लागतो. नवा एटीपी येऊन बसल्याखेरीज ती पकड सुटत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. १९३५ मध्ये रॉबर्ट टेनंट आणि कार्ल विगर्स यांनी अमेरिकेत कुत्र्याच्या हृदयाची एक रोहिणी बांधून त्या भागाची हालचाल नोंदवली. जेमतेम मिनिटभरात तो भाग आकुंचन पावेनासा झाला. एवढेच नव्हे, बाकीचे हृदय आवळले की तो भाग आतल्या दाबाने बाहेर फुगू लागला. म्हणजे तो सैल पडला होता. या एका निरीक्षणात पूर्वपक्षाचा पराभव दडलेला आहे, आणि तो इतकी वर्षे अनेकांच्या नजरेतून का सुटला याचे मला नवल वाटते.

कारण एटीपी खरोखर संपला तर स्नायू सैल पडत नाही, ताठ होतो. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून बसतात आणि सोडतच नाहीत. प्रेत ताठरते ते याच कारणाने. जिवंत माणसाच्या हृदयातही हे घडताना शल्यविशारदांनी पाहिले आहे: ह्यूस्टनचे डेंटन कूली आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये ‘दगडी हृदय’ या नावाने अशा रुग्णांचे वर्णन छापले. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा बराच वेळ बंद राहिल्यावर हृदय आवळलेल्या मुठीसारखे घट्ट होऊन बसले आणि पुन्हा उघडले नाही. तेव्हा इंधन संपण्याची खूण कोणती, हे आपल्याला पक्के माहीत आहे. ती ताठरपणाची आहे आणि ती यायला रक्त बंद झाल्यापासून बरीच मिनिटे जावी लागतात. पहिल्या मिनिटात दिसतो तो ढिलेपणा. कारण तेच असेल तर लक्षण उलटे कसे?

मोजमापही हेच सांगते. रोहिणी बांधल्यावर पहिल्या मिनिटाअखेर एटीपी थोडासाच उतरलेला असतो. झपाट्याने घसरते ते फॉस्फोक्रिएटिन, एटीपीची तात्पुरती भरपाई करणारे राखीव द्रव्य. ते फुटताना एक उपउत्पादन निघते, अकार्बनी फॉस्फेट. ऑक्सिजनशिवाय साखर जाळण्याचा खटाटोप सुरू झाल्याने आम्लही साठते. एरवी ७ च्या थोडा वर असणारा पेशीतला पीएच पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत साडेसहाच्याही खाली जाऊ शकतो. फॉस्फेट आणि आम्ल, ही दोन द्रव्ये या खटल्यातले खरे आरोपी.

त्यांच्याविरुद्धचा पुरावा सोललेल्या पेशींवरच्या प्रयोगांतून आला. पेशीचे आवरण काढून टाकायचे, म्हणजे आतल्या तंतूंना हवे ते द्रावण थेट देता येते. अलेक्झांडर आणि फ्रान्स्वाज फाबियातो या दांपत्याने १९७८ मध्ये दाखवले की आम्लता वाढली की तेवढ्याच आकुंचनासाठी कित्येक पट जास्त कॅल्शियम लागते. शिवाय कमाल जोरही घटतो. फॉस्फेटचा परिणाम पुढे जॉन केंटिश यांनी १९८६ मध्ये तसाच स्वच्छ दाखवला: फॉस्फेट वाढले की मायोसिनची ओढ अर्ध्यावरच सुटते. कॅल्शियम आणि एटीपी दोन्ही भरपूर असलेल्या द्रावणात हे घडते. तुटवडा कशाचाच नसताना तंतू ढिले पडतात.

पूर्वपक्षी म्हणेल, सोललेली पेशी म्हणजे हृदय नव्हे. मान्य. मग धडकत्या स्नायूत कॅल्शियमच मोजायला हवे, आणि ते मोजले गेले. त्यासाठी एका जेलीफिशचे प्रथिन कामी आले. एक्वोरिन नावाचे हे प्रथिन कॅल्शियम भेटले की निळसर चमकते. लंडनमध्ये डेव्हिड ॲलन आणि क्लाइव्ह ऑर्चर्ड यांनी ते फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या हृदयातल्या स्नायूच्या बारीक पट्टीत घातले. प्रत्येक ठोक्याला पट्टी चमके आणि ओढही नोंदली जाई. ऑक्सिजन काढून घेतला तेव्हा ओढ घसरली, पण चमक त्या प्रमाणात घसरली नाही. आम्लता वाढवली तेव्हा तर ओढ खाली आणि चमक वर, असा उलटा प्रकार दिसला. हुकूम सुटत होता, किंबहुना जास्त मोठ्याने सुटत होता. पाळला जात नव्हता.

ही झाली पट्टी. १९८७ मध्ये स्टॅनफर्डला विल्यम क्लुसिन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या अख्ख्या हृदयात इंडो-१ हा प्रकाशमान रंग भरून तोच प्रश्न विचारला. रक्तपुरवठा तोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत कॅल्शियमची पातळी, आकुंचनातली आणि विश्रांतीतलीही, वाढली. आकुंचन मात्र मावळत गेले. हृदय कॅल्शियमअभावी थांबते, ही शंका इथे मिटते.

पूर्वपक्षाचा सर्वांत तगडा युक्तिवाद यानंतर येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. तो असा: तुम्ही एटीपीचा साठा मोजता, पण महत्त्व साठ्याला नाही, एक एटीपी फुटताना किती काम देतो त्याला आहे. फॉस्फेट साठले की तोच एटीपी कमी काम देतो. म्हणजे शेवटी कारण ऊर्जेचेच झाले. १९८२ मध्ये हेल्मुट कामरमायर आणि सहकाऱ्यांनी हा मुद्दा नेमक्या हिशेबाने मांडला. निरोगी हृदयात एटीपी फुटताना मोलला साठेक किलोज्यूल एवढी ऊर्जा मोकळी होते, आणि ही पातळी घसरत गेली की पेशीतली कामे एकामागून एक अडतात.

हा मुद्दा मी मान्य करतो, फक्त तो पूर्वपक्षाच्या कामाचा नाही. ही घसरण सर्वांत आधी अडवते ती कॅल्शियम कोठीत परत भरणाऱ्या पंपाला, कारण दहा हजार पट चढाविरुद्ध कॅल्शियम ढकलायचे काम त्याच्याकडे आहे; मायोसिनला एवढी ऊर्जा लागत नाही. म्हणजे ऊर्जेचा फटका आधी बसला पाहिजे तो सैल पडण्याला. आणि तसेच दिसते. अँजिओप्लास्टी करताना फुगा फुगवला की काही काळ रोहिणी पूर्ण बंद असते. त्या अवधीत माणसांवरच झालेल्या नोंदी सांगतात की प्रथम बिघडते ते हृदयाचे सैल पडणे, मग आकुंचन, मग ईसीजी, आणि छातीत दुखते ते सगळ्यांच्या शेवटी. रिचर्ड नेस्टो आणि जॉर्ज कोवालचुक यांनी १९८७ मध्ये या क्रमाची नीट मांडणी केली. ‘दुखत नाही म्हणजे हृदय ठीक आहे’ असे मानणाऱ्यांनी हा क्रम एकदा वाचावा.

एका बाबतीत मात्र पूर्वपक्षाला माप द्यायलाच हवे. रक्त तोडल्यावरचे पहिले काही सेकंद खरोखरच नळाचे आहेत. हृदयातल्या भरलेल्या रक्तवाहिन्यांच्या दाबाने स्नायूतंतू ताणलेले राहतात. वाहिन्या रिकाम्या पडल्या की तो ताण जातो आणि जोर तत्क्षणी घटतो. बाल्टिमोरला एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने १९९१ मध्ये हा वाटा वेगळा काढून दाखवला. रसायने आपले काम सुरू करण्याआधीचा हा काळ आहे. नळाचा सिद्धांत या अर्थाने बरोबर आहे, पण त्याची मुदत सेकंदांत मोजायची.

या थांबण्याकडे बघण्याची दृष्टीही बदलायला हवी. धडधडणाऱ्या हृदयाचा मोठा ऊर्जाखर्च आकुंचनावर होतो. रक्त आटताच फॉस्फेट आणि आम्लाने तंतूंना ढिले केले नसते, तर स्नायूने उरलासुरला एटीपी मिनिटभरात उधळून स्वतःला ताठर करून घेतले असते. आकुंचन थांबते म्हणून एटीपी पुढे अर्धा-पाऊण तास पुरवून पुरवून वापरला जातो. ही योजना कोणी आखली असे म्हणण्याची गरज नाही. परिणाम तसा होतो एवढे खरे.

आता कॅल्शियमवरचा दुसरा आरोप. तो विद्वानांनीच केला आहे. जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकापासून मांडले की पेशीत कॅल्शियमचा पूर आला की एटीपी जळून जातो आणि पेशी मरते. व्हेरापामिलसारखी कॅल्शियमची वाट अडवणारी औषधे त्यांच्याच विचारातून ओळखली गेली. १९८७ मध्ये चार्ल्स स्टीनबर्गन, एलिझाबेथ मर्फी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयात चुंबकीय अनुनादाने मोजून दाखवले की रक्त पूर्ण बंद केल्यावर काही मिनिटांतच पेशीतले मुक्त कॅल्शियम कित्येक पट चढते, आणि हे पेशी परत न फिरण्याइतकी जखमी होण्याच्या आधी घडते. पुरावा भक्कम आहे. यावरून निघालेला उपाय सरळ होता: कॅल्शियमची वाट अडवा, स्नायू वाचेल.

तो उपाय माणसांवर फसला. हार्ट अटॅकच्या पहिल्या तासांत निफेडिपिन देणाऱ्या ‘ट्रेंट’ या १९८६ च्या ब्रिटिश चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. १९८८ मध्ये डिल्टियाझेमच्या मोठ्या चाचणीत फुफ्फुसात पाणी साचलेल्या रुग्णांचे नुकसानच झाले. का? दोष कॅल्शियमच्या वाटेचा होता म्हणून, आणि वेळेचाही. रक्ताच्या तुटवड्यात कॅल्शियम आत शिरते ते मुख्यतः या औषधांनी अडणाऱ्या दारातून नव्हे. आम्ल बाहेर टाकण्यासाठी पेशी सोडियम आत घेते. साठलेले सोडियम बाहेर काढणारा पंप एटीपीअभावी मंदावलेला असतो. मग एरवी तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकणारी अदलाबदल उलटी फिरते आणि कॅल्शियम आत येते.

आणि ही उलटी फेरी सर्वांत जोरात चालते ती रक्त परतल्यावर. ताज्या रक्ताने पेशीबाहेरचे आम्ल धुऊन निघते, आत-बाहेरचा फरक एकदम वाढतो, सोडियम लोटते आणि त्यामागून कॅल्शियम. त्याच क्षणी ऑक्सिजन आल्याने एटीपी पुन्हा तयार होऊ लागतो, फॉस्फेट उतरते, आणि इतका वेळ बहिरे असलेले तंतू पुन्हा ऐकू लागतात. कॅल्शियमची उच्च पातळी आणि ऐकणारे तंतू प्रथमच एकत्र येतात. पेशी जीव खाऊन आवळते, शेजारणीला फाडते. गीसेनला हान्स मायकेल पायपर यांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासले. सूक्ष्मदर्शकाखाली या मरणाची खूण ओळखता येते: तंतू जागोजाग गोळा होऊन आडवे गडद पट्टे पडलेले. रक्त न परतलेल्या पेशी मरतात तेव्हा असे पट्टे सहसा दिसत नाहीत. त्या निमूट मरतात. ब्रिस्टलला एलिनॉर ग्रिफिथ्स आणि अँड्र्यू हॅलेस्ट्रॅप यांनी १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यातले एक घातक भोक तुटवडा चालू असताना मिटलेलेच असते, आम्लच त्याला मिटलेले ठेवते. ते उघडते रक्त परतल्यावर. ज्या आम्लाने आकुंचन थांबवले त्याच आम्लाने पेशीला राखलेही होते.

इथे गैरसमज होऊ नये म्हणून थांबून सांगतो. रक्त परत आणण्याला पर्याय नाही. १९७७ मध्ये कीथ रीमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयावर दाखवले की रोहिणी ४० मिनिटे बांधली तर धोक्यातल्या भिंतीचा ३८ टक्के भाग मरतो, ३ तासांत ५७, ६ तासांत ७१ आणि २४ तासांत ८५ टक्के. मरण आतल्या थरातून बाहेर सरकत जाते. इटलीतल्या ‘जिस्सी’ चाचणीत १९८६ मध्ये ११,८०६ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांत २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले, आणि पहिल्या तासात आलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. तालुक्याच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मगच रुग्णाला शहराकडे पाठवतात त्यामागे हा पुरावा आहे. छातीत कळ आल्यावर ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ म्हणणाऱ्याला माझ्या लेखातून कसलाही आधार मिळत नाही.

कॅल्शियमची वाट अडवायची तर ती आधी अडवायला हवी, हे पुढच्या चाचण्यांतून कळले, तेही विचित्र रीतीने. सोडियम-आम्लाची अदलाबदल रोखणारे कॅरिपोराइड बायपासच्या आधीपासून दिले तेव्हा शस्त्रक्रियेतले हार्ट अटॅक १८.९ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर आले. पण मेंदूच्या झटक्यांमुळे मृत्यू १.५ वरून २.२ टक्क्यांवर गेले आणि औषध मागे पडले. विचार बरोबर, औषध नापास. मायटोकॉन्ड्रियाचे भोक मिटवणारे सायक्लोस्पोरिनही २०१५ च्या ‘सर्कस’ चाचणीत ९७० रुग्णांवर निष्फळ ठरले. या अपयशांनी कॅल्शियमची भूमिका खोटी ठरत नाही. एक दार बंद केले तर पेशीला चार दारे आहेत, एवढेच दिसते.

इंधनाच्या सिद्धांताला सर्वांत अडचणीत टाकणारा प्रयोग मात्र चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि रीमर यांचा, १९८६ मधला. त्यांनी कुत्र्यांची रोहिणी ४० मिनिटे बांधण्याआधी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा बांधून सोडली. उपासमारीच्या हिशेबाने आधीच वीस मिनिटे उपाशी राहिलेला स्नायू जास्त मरायला हवा होता. प्रत्यक्षात मेला तो ७ टक्के. आधी न बांधलेल्यांत २९ टक्के. नळाच्या गणिताला याचे उत्तर देता येत नाही.

आता इकोच्या कागदावरची ती न हलणारी भिंत. १९७५ मध्ये गाय हेंड्रिक्स, स्टीफन व्हॅटनर आणि सहकाऱ्यांनी शुद्धीवरच्या कुत्र्यांत रोहिणी फक्त १५ मिनिटे बंद करून सोडली. कोणतीही पेशी मेली नव्हती, रक्त पूर्ववत वाहत होते. तरी त्या भागाचे आकुंचन सहा तासांहून जास्त काळ कमीच राहिले. यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ मध्ये अशा स्नायूला बधिर झालेला स्नायू म्हटले. नळी उघडी, रक्त पुरेसे, पेशी जिवंत, आणि भिंत हलत नाही. मार्बान यांच्या गटाने १९९५ मध्ये उंदराच्या बधिर स्नायूत मोजले तेव्हा कॅल्शियमची लहर जशीच्या तशी होती. तंतूंची दाद देण्याची क्षमता घटलेली होती. कॅल्शियमच्या पुराने जाग्या झालेल्या एका विकराने ट्रोपोनिनचा तुकडा तोडला असावा, असा पुरावा त्याच प्रयोगशाळांतून आला. डुकरांच्या हृदयात तसे तुटलेले ट्रोपोनिन सापडले नाही, त्यामुळे हा तपशील अजून वादात आहे. वादात नसलेली गोष्ट अशी की डोब्युटामिनची कमी मात्रा शिरेतून दिली तर ही भिंत इकोच्या पडद्यावर डोळ्यांदेखत जाड होऊन आत येऊ लागते. मेलेला स्नायू औषधाने हलत नाही.

पूर्वपक्षाचा शेवटचा किल्ला म्हणजे महिनोन्महिने कमी चालणारे हृदय. त्याला शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात सुप्त स्नायू हे नाव रूढ केले: रक्त कमी, म्हणून काम कमी, रक्त वाढवले की काम वाढेल. नळवाद्यांना हे मत फार सोयीचे. पण १९९३ मध्ये ब्रसेल्सला जाँ-लुई व्हानोव्हरशेल्ड यांच्या गटाने बाजूच्या वाहिन्यांवर जगणाऱ्या अशा भिंतींतला विश्रांतीचा रक्तप्रवाह मोजला, तो पुष्कळदा जवळजवळ पुरेसाच निघाला. कमी पडत होती ती श्रमाच्या वेळची वाढ. म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुटवडा आणि त्यावर साचलेला बधिरपणा.

याच प्रश्नावर २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिव्हाइव्हड’ चाचणीचा निकाल आला. पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेले, आणि न हलणाऱ्या भिंतीत जिवंत स्नायू असल्याचे तपासून घेतलेले ७०० रुग्ण. अर्ध्यांना औषधांबरोबर स्टेंट, अर्ध्यांना फक्त औषधे. मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने दवाखान्यात भरती, हे स्टेंटवाल्यांत ३७.२ टक्के, इतरांत ३८ टक्के. वर्षभरानंतरच्या पंपिंगमध्येही फरक नाही. काहींनी यावरून सुप्त स्नायू ही कल्पनाच मोडीत काढली. मला ते घाईचे वाटते. कोलमडली ती ‘रक्त पोहोचले की काम सुरू’ ही अपेक्षा. दीर्घकाळ असा राहिलेला स्नायू कापून पाहिला तर आकुंचनाचे तंतू विरळ झालेले असतात, त्यांच्या जागी ग्लायकोजेन भरलेले असते, आणि कॅल्शियमची ने-आण करणारी व्यवस्थाच बदललेली असते. स्टेंटमधून रक्त त्याच दिवशी पोहोचते. तंतू पुन्हा घडायला महिने लागतात, आणि काही पेशींत ते पुन्हा घडतच नाहीत.